केसपेपरच्या मिनिटभरात

जिल्हा रुग्णालयाच्या ओपीडीत केसपेपर काढणाऱ्या कर्मचाऱ्याला एका रुग्णामागे जेमतेम मिनिटभर मिळतो. तेवढ्यात नाव, वय, गाव, मोबाईल विचारायचा, टाईप करायचा, कागद छापून हातात द्यायचा आणि पुढच्याला हाक मारायची. मागे रांग असते, रांगेत तापाने फणफणलेली पोरं असतात, ज्यांना उभं राहवत नाही अशी म्हातारी माणसं असतात. देशभरातल्या रुग्णांची माहिती एकत्र आणण्याचा कुठलाही प्रकल्प घ्या, त्याचं भवितव्य बऱ्याच अंशी या मिनिटात ठरतं. सर्व्हर कुठे ठेवायचे, कंत्राट कुणाला द्यायचं, अ‍ॅप कसं दिसावं यावर बैठकांत तासन्‌तास चर्चा होते. खिडकीवर कोण बसतं आणि त्याला किती वेळ मिळतो, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं. मला हा या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न वाटतो.

भारतात या कामाची घोषणा १५ ऑगस्ट २०२० रोजी झाली. आधी सहा केंद्रशासित प्रदेशांत चाचणी झाली आणि २७ सप्टेंबर २०२१ पासून 'आयुष्मान भारत डिजिटल मिशन' या नावाने ते देशभर सुरू झालं. राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरण ते चालवतं. प्रत्येकाला चौदा अंकी 'आभा' क्रमांक मिळतो, शिवाय लक्षात ठेवायला सोपा असा ईमेलसारखा आभा पत्ताही मिळतो. आभा कार्ड काढलं की आपले सगळे रिपोर्ट दिल्लीतल्या एखाद्या संगणकात जाऊन बसतात, असा पुष्कळांचा समज आहे. तसं होत नाही. रिपोर्ट ज्या लॅबमध्ये तयार झाला त्या लॅबच्याच यंत्रणेत राहतो. केंद्रात असतात त्या नोंदवह्या: रुग्णांची एक, डॉक्टर-परिचारिकांची एक, रुग्णालयं-दवाखाने-लॅब यांची एक. शिवाय कुणाची कुठली नोंद कुठे आहे याचे संदर्भ आणि ती पाहायला कुणी कुणाला परवानगी दिली याचा हिशेब.

नोंद एका ठिकाणाहून दुसरीकडे जाते कशी, हे पायरीपायरीने पाहिलं तर कुठे काय अडू शकतं ते आपोआप कळतं. समजा, साताऱ्याच्या लॅबमध्ये रक्त तपासलं आणि पुढच्या महिन्यात पुण्याच्या हृदयरोगतज्ज्ञाला तो रिपोर्ट पाहायचा आहे. लॅबचं सॉफ्टवेअर रिपोर्ट तयार झाल्यावर त्याला एक संदर्भ क्रमांक देतं आणि तो रुग्णाच्या आभा पत्त्याशी जोडतं. पुण्याच्या डॉक्टरांचं सॉफ्टवेअर परवानगीची विनंती पाठवतं. त्यात कारण, हव्या असलेल्या कागदांचे प्रकार, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंतचे आणि ही परवानगी कधी संपणार, एवढं सगळं लिहावं लागतं. रुग्ण आपल्या मोबाईलवर ती विनंती वाचतो, हवी तर तारखा आणि प्रकार कमी करतो, मग होकार देतो. त्यानंतर पुण्याकडून एक तात्पुरती किल्ली साताऱ्याला जाते, साताऱ्याचं सॉफ्टवेअर रिपोर्ट त्या किल्लीने कुलूपबंद करतं आणि थेट पुण्याच्या पत्त्यावर पाठवतं. विनंत्या आणि परवानग्या इकडून तिकडे पोचवणाऱ्या मधल्या केंद्रीय यंत्रणेला पाकिटावरचा पत्ता दिसतो, आतला मजकूर दिसत नाही.

रचना चांगली आहे, पण तिची एक अट लगेच ध्यानात येते. पुण्याने रिपोर्ट मागितला त्या क्षणी साताऱ्याची यंत्रणा जागी असली पाहिजे. नोंदी क्लिनिकमधल्या एकाच संगणकावर असतील आणि तो रात्री आठला बंद होत असेल, तर रात्री नऊ वाजता अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरला काहीही मिळणार नाही. परवानगी मिळालेली असते, संदर्भ जोडलेला असतो, फक्त देणारा झोपलेला असतो. त्यामुळे लहान दवाखान्याने सॉफ्टवेअर घेताना पहिला प्रश्न विचारावा तो हा: आमचा संगणक बंद असताना आमच्या नोंदी कुठून दिल्या जाणार? दुसरा प्रश्न कंपनी बदलण्याचा. जुन्या सॉफ्टवेअरने दिलेले संदर्भ क्रमांक नव्यात जसेच्या तसे नेले नाहीत, तर रुग्णाच्या मोबाईलवर जुन्या भेटी दिसत राहतात आणि उघडायला गेलं की काही येत नाही. करारातच लिहून घ्यावं की सोडून जाताना संदर्भ क्रमांकांसह सगळा डेटा मिळेल.

सगळं एकाच ठिकाणी साठवलं असतं तर ही कटकट उरली नसती, असं कुणी म्हणेल. तो मार्ग इंग्लंडने चालून पाहिला. २००२ मध्ये त्यांनी राष्ट्रीय आरोग्य सेवेसाठी एक अवाढव्य माहिती तंत्रज्ञान कार्यक्रम हाती घेतला. देशाचे पाच विभाग पाडून मोठमोठ्या कंपन्यांना कंत्राटं दिली आणि प्रत्येक रुग्णाची तपशीलवार नोंद देशात कुठेही उघडता येईल असं ठरवलं. सुरुवातीचा अंदाज तीन वर्षांत २.३ अब्ज पौंडांचा होता. त्या कंपन्यांपैकी अ‍ॅक्सेंचर २००६ मध्ये बाहेर पडली, २००८ मध्ये फुजित्सूचा करार संपुष्टात आला, आणि सप्टेंबर २०११ मध्ये कार्यक्रम मोडीत काढत असल्याचं सरकारने जाहीर केलं. २०१३ मध्ये संसदेच्या लोकलेखा समितीसमोर खर्चाचा आकडा ९.८ अब्ज पौंडांवर गेला होता. रुग्णालयांचं काम कसं चालतं हे डॉक्टर-परिचारिकांना नीट न विचारता एकच साचा वरून लादला गेला, हे अपयशाचं मोठं कारण.

पण त्या पडझडीतून काय टिकलं, ते पाहणं मला जास्त मोलाचं वाटतं. रुग्णाची ओळख सांगणारी केंद्रीय नोंदवही टिकली. निरोप पोचवणारा 'स्पाइन' नावाचा कणा टिकला. तो २०१४ मध्ये मुक्त स्रोत तंत्रज्ञानावर नव्याने बांधला गेला आणि आजही त्यावरच काम चालतं. डॉक्टरची चिठ्ठी औषधाच्या दुकानात थेट पोचवणारी सेवा टिकली. एक्स-रे, सीटी स्कॅन डिजिटल साठवण्याची व्यवस्था २००७ च्या अखेरीस सगळ्या रुग्णालयांत पोचली होती, तीही टिकली. आणि टिकला तो आणीबाणीतला छोटा सारांश: चालू औषधं, अ‍ॅलर्जी, पूर्वी कुठल्या औषधाचा त्रास झाला. मध्यरात्री बेशुद्ध आलेल्या माणसासाठी डॉक्टरला एवढंच तातडीने हवं असतं. भारताने पूर्ण नोंदीच्या मागे लागण्याआधी हा तीन ओळींचा सारांश प्रत्येक डिस्चार्ज कार्डातून नीट निघेल एवढं पाहिलं, तरी जीव वाचतील.

टिकलेल्या गोष्टींत पहिली आहे ती ओळख, आणि ओळख तयार होते नोंदणीच्या खिडकीवर.

तिथे दोन प्रकारच्या चुका होतात. एकाच माणसाच्या दोन नोंदी तयार होतात ही पहिली. दोन माणसांच्या नोंदी एकीत मिसळतात ही दुसरी. पहिलीने माहिती विखुरते, तपासणी पुन्हा करावी लागते, पैसे जातात. दुसरीने माणूस मरू शकतो. एकाचा रक्तगट दुसऱ्याच्या नोंदीत जातो, किंवा एकीची पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी दुसरीच्या नावावर पडते आणि जिला खरी अ‍ॅलर्जी आहे तिची नोंद कोरी दिसते. म्हणून शंका असेल तेव्हा नवी नोंद काढावी, मिसळू नये. दोन नोंदी नंतर जोडता येतात. मिसळलेल्या नोंदी सोडवायला प्रत्येक कागद हातात घेऊन हा कुणाचा हे ठरवावं लागतं. जोडतानाही जुना क्रमांक पुसायचा नसतो. तो पर्यायी क्रमांक म्हणून ठेवायचा आणि कोणती नोंद कुठल्या क्रमांकावरून आली, कुणी, कधी जोडली हे लिहून ठेवायचं, म्हणजे चूक निघाली तर धागे उलटे उसवता येतात.

जुन्या नोंदी रुग्णाशी जोडताना यंत्रणा मोबाईल, नाव, लिंग आणि जन्मवर्ष ताडून पाहते. आपल्याकडे या चारही गोष्टी डळमळीत आहेत. घरात एकच मोबाईल असतो आणि त्यावर आजी, सून, नातू सगळ्यांची नोंदणी असते. लग्नानंतर मधलं नाव आणि आडनाव बदलतं, काही ठिकाणी पहिलंही. सावंत लिहिताना कुणी डब्ल्यू घालतं, कुणी व्ही. गोव्यात नाईक आणि कामत यांची पोर्तुगीज वळणाची स्पेलिंगं अजून कागदोपत्री सापडतात. देवनागरीत एकच असलेलं नाव रोमनमध्ये चार तऱ्हांनी लिहिलं जातं आणि संगणक त्यांना चार माणसं समजतो. जन्मतारखेची तर वेगळीच कथा. महाराष्ट्रात शाळेत घालताना गुरुजींनी १ जून लिहिलेल्यांची पिढीच्या पिढी आहे. आधारवर नुसतं जन्मवर्ष असेल तर सॉफ्टवेअर १ जानेवारी टाकून मोकळं होतं. मग तारीख जुळली म्हणून तोच माणूस, असं समजणं घातक ठरतं, कारण त्या दोन तारखांवर अर्धं गाव जन्मलेलं असतं.

यावर उपाय आहेत आणि ते स्वस्त आहेत. वय अंदाजे असेल तर फक्त वर्ष नोंदवावं. आरोग्य नोंदींसाठी भारताने स्वीकारलेल्या एफएचआयआर मानकात नुसतं वर्ष लिहायची सोय आहे, पण पुष्कळ सॉफ्टवेअरच्या फॉर्ममध्ये पूर्ण तारीख सक्तीची केलेली असते. ती सक्ती काढून घ्यावी. नवी नोंद करण्याआधी शोधणं बंधनकारक असावं, आणि तो शोध उच्चारावर चालावा. रुग्णाला 'तुम्ही अमुकच ना?' असं विचारू नये. गर्दीत, घाबरलेला माणूस कशालाही मान डोलावतो. 'नाव सांगा, गाव सांगा' असं विचारून त्याच्या तोंडून येऊ द्यावं. रुग्णाला दिसेल असा दुसरा पडदा खिडकीत ठेवला तर चूक तो स्वतः दाखवून देतो. आभाची 'स्कॅन अँड शेअर' सोय याच कामाची आहे. रुग्ण भिंतीवरचा क्यूआर कोड आपल्या मोबाईलने स्कॅन करतो, त्याची आधीच तपासलेली माहिती खिडकीवर पोचते, टोकन मिळतं, टायपिंग वाचतं. फक्त ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही त्याची रांग लांबणार नाही हे पाहावं लागतं, कारण जास्त आजारी आणि जास्त म्हातारा माणूस बहुधा त्याच रांगेत असतो.

एकच आकडा चुकला तर दुसऱ्याचीच नोंद उघडू नये यासाठी इंग्लंडमध्ये रुग्णाला मिळणाऱ्या दहा अंकी क्रमांकात शेवटचा अंक तपासणीचा ठेवला आहे. पहिल्या नऊ अंकांना क्रमाने १० पासून २ पर्यंतच्या संख्यांनी गुणायचं, बेरजेला ११ ने भागायचं, आणि बाकी ११ मधून वजा करायची. उत्तर ११ आलं तर तपासणी अंक शून्य, १० आलं तर तो क्रमांक वापरायचाच नाही. एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले की गणित लगेच बिघडतं. रुग्णालयाने आपला स्थानिक केसपेपर क्रमांक देतानाही हीच युक्ती वापरावी; प्रोग्रॅमरचं हे तासाभराचंही काम नाही.

ओळख पटली, नोंद पोचली. आता ती समजायला हवी.

या कामात पुण्याचा मोठा वाटा आहे. आरोग्य नोंदींच्या मानकांसाठीचं राष्ट्रीय संसाधन केंद्र पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेत आहे. डिस्चार्ज कार्ड, लॅब रिपोर्ट, लसीकरणाची नोंद यांचा भारतीय साचा तिथे ठरतो. २०१४ मध्ये भारत स्नोमेड सीटी या वैद्यकीय शब्दसंग्रहाचा सदस्य झाला, आणि त्याचा परवाना भारतातल्या कुणालाही याच केंद्राकडून फुकट मिळतो. लॅबच्या तपासण्यांसाठी लॉइंक नावाची संकेतावली वापरतात. रक्तातल्या हिमोग्लोबिनचा त्यातला क्रमांक ७१८-७. उपाशीपोटी साखरेचा वेगळा, नुसत्या साखरेचा वेगळा. लॅबने आपल्या यादीतल्या प्रत्येक तपासणीपुढे असा क्रमांक लिहिणं हे काहीशे ओळींचं कंटाळवाणं काम आहे. पॅथॉलॉजिस्टने स्वतः बसून ते करावं. संगणकवाल्यावर सोपवलं की 'शुगर' या एका शब्दाखाली उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची दोन्ही जातात आणि पुढे कुणाला मधुमेहाचा आलेख काढायचा तर तो खोटा निघतो.

एककांनी होणारा घात याहून वाईट. प्लेटलेट्स कुठे १.५ लाख अशा छापतात, कुठे १५० हजार, कुठे १,५०,०००. आकडा एका रकान्यात आणि एकक छापील मजकुरात राहिलं, तर पलीकडच्या यंत्रणेला नुसतं १.५ मिळतं. ती हजारात मोजणारी असेल तर तिला धडधाकट माणसाच्या प्लेटलेट्स दीड हजार दिसतात आणि डेंग्यूच्या मोसमात वॉर्डभर धावपळ होते. परदेशात राहणाऱ्यांच्या आईवडिलांचे कागदही असेच फसवतात. ब्रिटनमध्ये उपाशीपोटी साखर ७ म्हणजे आपल्याकडची १२६, कारण तिथे मोजमाप मिलीमोलमध्ये आहे आणि गुणक १८ आहे. गेल्या काही महिन्यांची सरासरी साखर सांगणारं एचबीए१सी तिथे ४८ म्हणजे आपलं ६.५ टक्के. मूत्रपिंडाच्या तपासणीतल्या क्रिएटिनिनचा गुणक ८८.४. म्हणून नियम एकच: एककाशिवाय आकडा साठवायचाच नाही, आणि एकक ठरलेल्या संकेतातच लिहायचं.

आज जोडल्या जाणाऱ्या नोंदींत पुष्कळदा नुसती पीडीएफ असते किंवा हाताने लिहिलेल्या चिठ्ठीचा फोटो. पाठवताना ती अक्षरांच्या संकेतात गुंडाळली जाते आणि आकाराने एक तृतीयांश फुगते. डॉक्टरला ती वाचता येते, एवढा तिचा उपयोग. 'या रुग्णाला हे औषध चालत नाही' असा इशारा संगणक त्यातून देऊ शकत नाही. काही नसण्यापेक्षा पीडीएफ बरी, पण ती मुक्काम मानू नये.

परवानगीचा भाग कागदावर सुंदर आहे. प्रत्यक्षात खिडकीवरचा माणूस 'ओटीपी सांगा' म्हणतो आणि रुग्ण सांगतो. कशासाठी, किती दिवसांसाठी, काय उघडणार, हे कुणी वाचत नाही. ओटीपी सांगितला याला समजून दिलेली संमती म्हणणं मला मान्य नाही. दोन वाक्यं तरी मराठीत बोलून सांगावीत: 'तुमचे गेल्या वर्षभराचे रिपोर्ट या डॉक्टरांना दिसतील. नको असेल तर नाही म्हणा, उपचार तरीही होतील.' आभा ऐच्छिक आहे, त्यामुळे हे शेवटचं वाक्य खरं आहे आणि ते उच्चारलं गेलं पाहिजे.

बायकांच्या बाबतीत हे आणखी नाजूक होतं. मोबाईल नवऱ्याचा किंवा सासऱ्याचा असतो. स्त्रीरोग विभागातली भेट जोडली गेली की त्या फोनवर संदेश येतो. गर्भपाताची गोपनीयता गर्भपात कायद्याने, एचआयव्हीची २०१७ च्या कायद्याने, मानसिक उपचारांची त्याच वर्षीच्या मानसिक आरोग्य कायद्याने सांभाळायला सांगितली आहे. सॉफ्टवेअरला हे कायदे शिकवावे लागतात. अशा भेटींना स्वतंत्र संदर्भ द्यावा, त्या आपोआप जोडू नयेत, आणि जोडायच्या का हे डॉक्टरने रुग्णाला एकटीला विचारावं. सगळ्या विभागांना एकच 'आपोआप जोडा' कळ ठेवणं ही गंभीर चूक आहे. बंद पडलेला मोबाईल नंबर काही महिन्यांनी दुसऱ्याच माणसाला दिला जातो, हेही विसरू नये. प्रत्येक भेटीत नंबर तोच आहे का हे विचारणं म्हणूनच गरजेचं.

कोणी आपली नोंद उघडली ते रुग्णाला दिसलं पाहिजे. एस्टोनियाने २००८ मध्ये देशव्यापी नोंदी सुरू केल्या तेव्हापासून तिथल्या नागरिकाला ही यादी पाहता येते, आणि लोकांचा विश्वास टिकण्यात तिचा मोठा हात आहे. इंग्लंडने २०१३ मध्ये 'केअर डॉट डेटा' नावाने फॅमिली डॉक्टरांकडच्या नोंदी केंद्रात गोळा करायला घेतल्या, लोकांना नीट सांगितलं नाही, आणि २०१६ मध्ये ती योजना गुंडाळावी लागली.

यंत्रणा कधी ना कधी बंद पडते. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्सवर खंडणीखोरांचा सायबर हल्ला झाला. पाच सर्व्हर आणि सुमारे १.३ टेराबाईट डेटा कुलूपबंद झाला, आणि देशातल्या सर्वांत मोठ्या रुग्णालयांपैकी एकाचं काम जवळपास दोन आठवडे कागदावर चाललं. विकेंद्रित रचनेत असा घाव एका रुग्णालयापुरता राहतो, पण तिथल्या रुग्णांना त्याचं समाधान कसलं? बॅकअपच्या तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक नेटवर्कपासून तोडलेली, हे सगळेच सांगतात. ती प्रत परत चढवून पाहिली जाते का, हे विचारलं की बहुतेक ठिकाणी शांतता. तीन महिन्यांतून एकदा, सुट्टीच्या दिवशी, दुसऱ्या संगणकावर पूर्ण डेटा चढवावा आणि किती तास लागले ते लिहावं. खिडकीत वेगळ्या मालिकेचे क्रमांक छापलेले कोरे केसपेपर गठ्ठ्याने ठेवावेत. यंत्रणा परत आल्यावर ते क्रमांक खऱ्या नोंदींशी जोडता येतात. सर्ट-इन या देशाच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार घटना सहा तासांत कळवावी लागते, संगणकावर काय काय घडलं याची नोंद म्हणजे लॉग १८० दिवस ठेवावे लागतात आणि सगळ्या संगणकांची घड्याळं सरकारी वेळ-सर्व्हरशी जुळवावी लागतात. घड्याळाचं कलम किरकोळ वाटतं. लॅबचं घड्याळ वीस मिनिटं पुढे असेल तर इंजेक्शन आधी दिलं की रक्त आधी घेतलं, हे नोंदीवरून कधीच कळत नाही.

फेब्रुवारी २०२५ पर्यंत ७३ कोटींहून अधिक आभा क्रमांक निघाले होते आणि जोडलेल्या नोंदी ४९ कोटींच्या घरात होत्या. म्हणजे माणशी एकही नोंद नाही. उद्दिष्ट कार्डांचं दिलं की कार्डं निघतात. शिबिरात रांगेने कार्डं काढली जातात आणि त्यांतली कित्येक रिकामी राहतात. जानेवारी २०२३ पासून ठरावीक संख्येच्या वर जोडलेल्या नोंदीमागे २० रुपये देणारी प्रोत्साहन योजना आली, तिने रुग्णालयांना हालचाल करायला लावली हे खरं. पण त्या योजनेत पैसे नोंद जोडल्याचे ठरवले होते, ती कामी आल्याचे नाहीत. माझ्या मते प्रत्येक रुग्णालयाने महिन्याला दोनच आकडे काढून भिंतीवर लावावेत. एक, बाहेरून आलेल्या किती विनंत्यांना होकार मिळूनही आपल्याकडून डेटा गेला नाही. दोन, आपल्या किती नोंदी दुसऱ्या ठिकाणच्या डॉक्टरने खरोखर उघडल्या. आपल्याच लॉगमधून अर्ध्या तासात हे दोन्ही मिळतात. पहिला आकडा कमी करणं संगणक विभागाचं काम. दुसरा वाढायचा तर डिस्चार्ज कार्ड लिहिणाऱ्या निवासी डॉक्टरला निदान, औषधं आणि अ‍ॅलर्जी नीट भरायला पुरेसा वेळ द्यावा लागेल.